जामखेडचे आरोळे डॉक्टर : हारतुरे नकोत, कामाचा तपशील लिहा

माळरान (धागालेखक)

मे महिना आला की जामखेडला खेड्यांच्या आरोग्याचं काम उभं करणाऱ्या डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यावरच्या त्याच चार ओळी पुन्हा फिरायला लागतात. मॅगसेसे (१९७९), पद्मभूषण (१९९०), दुष्काळी तालुका, गोरगरिबांचे कैवारी. त्यात खोटं काही नाही, पण वाचून ना माणूस कळतो ना त्याने नेमकं काय केलं ते. २०११च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसंही आता थकत चालली आहेत. म्हणून हा धागा. काय केलं, कशाने, किती, कुठे फसलं आणि का, एवढंच लिहावं ही विनंती.

चौकट अशी. जन्म १९३४, नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वैद्यकीचं शिक्षण. मेबल इमॅन्युएल तिथेच शिकत होत्या, घर जबलपूरचं. १९६० साली लग्न झालं आणि त्याच दिवशी दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या, कुणी विचारत नाही अशा माणसांसाठी घालवायचं. काही वर्षं नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली: बरं करून घरी पाठवलेलं मूल महिन्या-दोन महिन्यांत तोच आजार घेऊन परत येतं, आणि आलेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं मुळात टाळता येण्यासारखं असतं. मग अमेरिका, तिथे पुढचं शिक्षण, शेवटी जॉन्स हॉपकिन्समध्ये कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याची पदवी. १९७० साली थेट जामखेड.

पुढचं जाणकारांनी भरावं.

---

कडुनिंब

चांगला धागा. पहिली चूक कुठे झाली तिथून सुरू करतो, कारण ती कुणी सांगत नाही.

जामखेड म्हणजे नगरचं (आता अहिल्यानगर) आग्नेय टोक, पलीकडे बीड आणि धाराशिव. पर्जन्यछायेतला तालुका, ज्वारीवर जगणारा, पावसाने दगा दिला की अर्धी गावं ऊसतोडीला. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात. दवाखाना थाटायला मिळाली ती वापरात नसलेली गुरांच्या दवाखान्याची जागा. सुरुवातीचा पसारा सुमारे ३० गावं आणि ४० हजार लोकसंख्या.

पहिला आराखडा कागदावर उत्तम होता: प्रत्येक गावात एक शिकलेली परिचारिका राहायला पाठवायची. तो आपटला. पंचविशीच्या आतली, बाहेरगावची, एकटी मुलगी. तिला राहायला धड खोली मिळेना, रात्री-अपरात्री बाहेर पडणं धोक्याचं, आणि चार पोरांची आई तिच्याकडून बाळंतपणाचा सल्ला का घेईल? भाषा एकच असली तरी बोलणं वेगळं. गावाला ती सरकारी बाई वाटायची.

इथे दुसरा कुणी असता तर पगार वाढवून आणखी परिचारिका शोधत बसला असता. आरोळ्यांनी प्रश्नच उलटा केला: गावातच राहणारी, गावाचीच सून असलेली बाई का नको? लिहिता-वाचता येत नाही म्हणून? मग शिकवणं लिहिण्यावाचण्यावर बेतायचंच नाही.

---

सुईधागा

कडुनिंब यांच्या प्रतिसादाला धरून, आरोग्य सेविका निवडायच्या कशा आणि शिकवायच्या कशा ते लिहितो. खरी मेख तिथेच आहे.

निवड गावाने करायची, दवाखान्याने नाही. तरुण पोरगी नको, संसार मार्गी लागलेली मध्यमवयीन बाई हवी. ती गाव सोडून जात नाही आणि तिच्या शब्दाला वजन असतं. शिक्षणाची अट नाही. सरपंचाने आपल्या घरातलीच बाई पुढे करणं हा कायमचा धोका. अशी बाई गरिबाच्या वस्तीत पाऊल टाकत नाही आणि गरिबाची बाई तिच्या ओसरीवर चढत नाही. म्हणून आधी गावात मंडळ उभं करायचं आणि मगच निवड. मंडळ कसं उभं केलं? आरोग्यावर भाषण देऊन नाही, व्हॉलीबॉलचं जाळं लावून! संध्याकाळी पोरं खेळायला जमली की खेळ संपल्यावर पाणी, बियाणं, बांधबंदिस्ती असे विषय निघत. त्यातून शेतकरी मंडळं झाली, पुढे महिला मंडळं.

शिकवण्याची पद्धत: आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, मुक्काम करायचा. मंगळवारचा वर्ग हा पुढे रिवाजच झाला. एका वेळी एकच विषय, दहा नाहीत. सांगायचं, करून दाखवायचं, तिच्याकडून करून घ्यायचं, गाण्यात किंवा सोंगात बसवायचं. घरी जाऊन तिने तेच गावाला सांगायचं. पुढच्या आठवड्यात पहिला तास नव्या विषयाचा नाही: मागच्या वेळचं सांगितलंस तेव्हा लोक काय म्हणाले? कुणी ऐकलं नाही? का नाही? त्या उत्तरावर पुढचा धडा ठरायचा.

रात्री सगळ्या एका खोलीत, एकाच मोठ्या गोधडीखाली. मराठ्याची, वंजाऱ्याची, महाराची, मांगाची, सगळ्या शेजारी शेजारी. जातिनिर्मूलनावर व्याख्यान झालं असतं तर माना डोलावून सगळ्या आपापल्या कोपऱ्यात झोपल्या असत्या.

दुसरी मेख म्हणजे गावात तिचा मान. फिरतं पथक (परिचारिका, समाजकार्यकर्ता, कधी डॉक्टर) गावात आलं की आधी तिच्याकडे जायचं. रुग्ण तिने दाखवायचा, माहिती तिने सांगायची, आणि डॉक्टरने चारचौघांत तिचं ऐकायचं. डॉक्टरने एकदा जरी लोकांसमोर तिला गप्प केलं तरी त्या गावात तिचं काम संपलं. चूक सांगायची तर नंतर, बाजूला घेऊन.

पैशाचं म्हणाल तर हे काम पोटापाण्याचं साधन म्हणून ठेवलं नाही. त्याऐवजी बाईला छोटं कर्ज, शेळ्या, बांगड्यांचा किंवा सुक्या मासळीचा धंदा. यामागचा विचार पटायला जड आहे, पण चोख आहे: पगार ज्याच्या हातात, हुकूमही त्याचाच.

---

चिंचगूळ

यात श्वास मोजायची ती मण्यांची माळ पण होती ना? बाळाचा न्यूमोनिया ओळखायला.

---

सुईधागा

@चिंचगूळ, ते गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं ‘सर्च’. दोन्ही जोडपी जॉन्स हॉपकिन्सला शिकलेली, म्हणून घोळ होतो. न्यूमोनियाचा संशय कधी धरायचा ती मोजणी मात्र सगळीकडे तीच: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षं ४०. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की फसगत होते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतोच.

---

अर्धाचमचा

जुलाबावर लिहायलाच हवं. सुरुवातीच्या काळात मुलं दगावत त्यातलं मोठं कारण हेच.

गावातली समजूत अशी की जुलाब होणाऱ्या मुलाला पाणी दिलं की जुलाब वाढतात, म्हणून पाणी तोडायचं. मग डोळे खोल जातात, टाळू खाली बसते. त्याला ‘टाळू पडली’ म्हणायचं, आणि टाळू उचलून बसवणारी म्हातारी प्रत्येक गावात असायचीच. म्हणजे लक्षण लोकांना अचूक माहीत होतं, उलटं होतं ते कारण. सेविकेने म्हातारीशी भांडायचं नाही. टाळू पाण्याअभावी बसते, पाणी पोटात गेलं की आपोआप वर येते, हे त्याच मुलावर सगळ्यांसमोर दाखवायचं. काही तासांत फरक दिसतो, त्याहून मोठा पुरावा नाही.

घरचं प्रमाण: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चुका कुठे होतात:

चमचा शिगोशीग भरला तर मीठ दुप्पट होतं. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर मूल झटके देऊ शकतं. मीठ घातलं की साखर घालायच्या आधी चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

‘एक तांब्या’ हे माप नव्हे. कुणाचा तांब्या पाऊण लिटरचा, कुणाचा सव्वाचा. सेविकेने घरोघर जाऊन त्या घरातल्या भांड्यावर लिटरची खूण करून द्यायची. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं यश यातच.

घटाघट पाजलं की मूल ओकतं आणि आई म्हणते, औषध मानवलं नाही. चमच्या-चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच.

केलेलं पाणी २४ तासांनंतर वापरायचं नाही. सोबत झिंक हवंच: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याआतल्याला १०, चौदा दिवस. हे नंतरच्या काळातलं, पण आज कुणी वाचून करणार असेल तर हेही करावं. शौचात रक्त, मूल गुंगीत, किंवा काहीच पोटात ठरत नाही, तर चमचा खाली ठेवून थेट दवाखाना.

---

पाळणा

बाळंतपणाचं मी घेतो. त्या काळी बाळंतपण घरीच, बहुधा अंधाऱ्या खोलीत, नाळ कापायला विळा नाहीतर दगड, आणि नाळेवर राख किंवा शेण. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, शरीर धनुष्यासारखं ताणतं. धनुर्वात. गाव म्हणायचं, सटवाईने नेलं.

उपाय तेव्हाच्या रुपया-दोन रुपयांच्या पुडीत मावणारा: साबणाची वडी, नवं ब्लेड, दोऱ्याचे तुकडे, कापूस, प्लॅस्टिकचा कागद. हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ, पाच गोष्टी स्वच्छ. पाचवीत चूक जास्त, कारण तिथे ‘काहीही लावू नका’ असं सांगावं लागतं आणि काहीच न करणं हा लोकांना उपचार वाटत नाही. नाळेची धडधड थांबू द्यायची, बाळाच्या पोटापासून दोन बोटांवर पहिली गाठ, आणखी दोन बोटांवर दुसरी, मध्ये कापायचं. गाठ सैल राहिली तर बाळाच्या बाजूने रक्त झिरपतं. दुपट्यात दिसत नाही, म्हणून पहिल्या तासात दोनदा उघडून पाहायचं. आईला गरोदरपणात धनुर्वाताच्या दोन सुया, महिन्याच्या अंतराने.

बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ नाही. आणि चीक टाकायचा नाही. गाईच्या चिकाचा खरवस चवीने खाणारं गाव बाईचा चीक मात्र पिळून फेकत होतं. हे वाक्य सभेत म्हटलं की बायका आधी हसत, मग गप्प होत.

(आज बाळंतपण दवाखान्यातच करावं, हे वेगळं सांगायला नको. रस्ता बंद, गाडी नाही अशा वेळेसाठी वरचं.)

---

पाटपाणी

१९७२चा दुष्काळ राहिलाच. दवाखाना लावून दोन वर्षं होत होती तोच पाऊस गेला. लोकांना औषध नको होतं, पाणी हवं होतं आणि अन्न. तेव्हा दवाखान्याने लहान मुलांसाठी गावातच सामुदायिक स्वयंपाक सुरू केले आणि विंधन विहिरी घेतल्या.

विहिरीची जागा हा खरा डाव. पाणी कुठे लागेल ते भूजलवाला सांगतो, पण त्यातली कुठली जागा घ्यायची हा माणसांचा निर्णय. आरोळ्यांचा आग्रह असे की जमेल तिथे पंप दलित वस्तीत किंवा तिच्या कडेलाच बसावा. हापसा एकच, पाणी हवं तर घागर घेऊन तिथेच यायचं. विटाळ मानणाऱ्या घरातली सून दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत. नुसता उपदेश करणाऱ्याला हे सुचणार नाही.

अवांतर, पण आपल्याकडचंच आहे म्हणून: तेव्हा बसवलेले ओतीव लोखंडाचे हापसे धडाधड मोडत, कारण ते एका घरासाठी बनवलेले आणि वापरणारं अख्खं गाव. त्यावर आधी जालन्याच्या मिशनवाल्यांनी आणि मग सोलापुरात उपाय निघाला: पोलादी सांगाडा, दांड्याला एकच सांधा, बंद बेअरिंग आणि साखळी, म्हणजे खालची सळई सरळ वर-खाली होते, वाकत नाही. त्या सोलापुरी पंपावरूनच पुढे इंडिया मार्क टू आला. त्यात झिजतो तो आतला वॉशर. मिनिटाला चाळीस दांडे मारून बारा लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. बादली भरायला दुप्पट वेळ लागला की वॉशर बदला, पंप बंद पडायची वाट पाहू नका.

पाणी आलं की सांडपाणी आलं, आणि डासही. म्हणून शोषखड्डे. ३ × ३ × ३ फूट. तळाला नारळाएवढे दगड, मध्ये मुठीएवढे, वर बारीक खडी, साधारण एक-एक फूट. वर तळाला भोकं पाडलेलं मडकं, मोरीचं पाणी त्यात सोडायचं. पिण्याच्या विहिरीपासून किमान ५० फूट लांब. मोरीतली राख आणि साबणाचा चिकटा खडीत गेला की वर्षभरात खड्डा तुंबतो, मग लोक ‘योजना फसली’ म्हणतात. फसत नाही, मडकं धुतलेलं नसतं.

---

कडुनिंब

+१. योजनांचे निम्मे पराभव असे मडक्यात अडकलेले असतात.

आकडेही नोंदवून ठेवू. जामखेडच्या कामाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होते. १९७६ला ५२. १९९६ला २६. पहिल्या पाच वर्षांतली घसरण जुलाब, धनुर्वात, गोवर, उपासमार यांची, म्हणजे वर लिहिलेल्या चमचा-ब्लेड-खड्ड्यांची. त्यानंतरची घसरण संथ, कारण उरलेले मृत्यू बहुतेक पहिल्या महिन्यातले: अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ. ते साखर-मिठाने वाचत नाही. ‘पुढे वेग मंदावला’ अशी टीका करणाऱ्यांनी आधी मृत्यूचं वय विचारावं.

---

उंबरठा

धाग्यात एक गोष्ट खटकते. सगळीकडे ‘आरोळ्यांनी केलं, आरोळ्यांनी ठरवलं’. स्मृतिलेखांत डॉ. मेबल यांना ‘पत्नीची मोलाची साथ’ या तीन शब्दांत गुंडाळतात, तेच इथे होऊ नये. त्या त्याच महाविद्यालयातून अव्वल आलेल्या डॉक्टर. मॅगसेसे दोघांना एकत्र. पद्मभूषण दोघांना, एकाच वर्षी. कामाचं पुस्तक १९९४ साली दोघांनी मिळून लिहिलेलं. ते शस्त्रक्रियेकडचे, त्या मेडिसिनकडच्या, आणि सेविकांच्या शिक्षणात त्यांचा वाटा तर फार मोठा. बाई बाईशी जे बोलते ते शल्यविशारदाशी बोलत नाही.

‘कुटुंबवत्सल’ हा शब्द आपण संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्या माणसाला लावतो. इथे घर आणि दवाखाना एकाच आवारात. मुलगी शोभा डॉक्टर होऊन तिथेच कामाला लागली, मुलगा रवी व्यवस्थापनात. १९९९ साली मेबलताई गेल्या. त्यानंतरची जवळजवळ बारा वर्षं रजनीकांतांनी मुलांना सोबत घेऊन तेच काम, त्याच आवारात चालवलं. समाजसेवकाच्या मुलांना त्या कामाचा तिटकारा येतो अशी उदाहरणं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. दोन्ही मुलं तिथेच राहिली, हे माझ्या मते मॅगसेसेइतकंच सांगण्यासारखं आहे.

---

माळरान

@उंबरठा, शंभर टक्के मान्य. शीर्षक बदलता आलं असतं तर बदललं असतं. लग्नाच्या दिवशीचा निश्चय दोघांचा होता हे मीच लिहून पुढे विसरलो.

---

चिंचगूळ

मग ‘आशा’ म्हणजे याचंच सरकारी रूप का?

---

सुईधागा

कल्पनेचं नातं आहेच. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या तेव्हा जामखेडचा अनुभव समोर होता. पण फरक तीन ठिकाणी. आशाला शिक्षणाची अट आहे, जामखेडला नव्हती. आशाला कामागणिक मोबदला, त्यामुळे ज्याचे पैसे मिळतात ते आधी आणि ज्याचे मिळत नाहीत ते राहून जातं. टाळू पडलेल्या मुलापाशी तासभर बसायचं कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि तिसरं, आठवड्याचा वर्ग. एकदा दिलेलं प्रशिक्षण दोन महिन्यांत विरतं. जामखेडला ते विरू दिलं नाही, कारण पुढचा मंगळवार सहा दिवसांवर असायचा. दोष आशांचा नाही. त्यांच्यावर टाकलेल्या नोंदवह्या मोजल्या तरी कळेल.

१९८८ साली जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या होत्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून म्हणाल्या की डॉक्टर असे, सुंदर आणि महाग, पाहायला लांबून यावं लागतं. आपण पणती, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. आरोळे जोडप्याने पणतीचं भाषण स्वतः न करता मुक्ताबाईंना तिथे नेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

बोरूबहाद्दर

वाचतोय. @पाटपाणी, एक शंका. आमच्याकडे काळी जमीन आहे, सहा-सात फूट खाली मुरूम. ३ फुटी खड्ड्यात पाणी मुरतच नाही, वर तरंगतं. खडी बदलून उपयोग होईल का?

---

पाटपाणी

@बोरूबहाद्दर, नाही. काळी माती भिजली की फुगते आणि बंद होते, खडी कितीही बदला. मुरूम लागेपर्यंत खाली जायला हवं. सगळा खड्डा सात फूट खणायची गरज नाही: ३ फुटी खड्ड्याच्या तळाशी मधोमध हाताच्या गिरमिटाने चार-सहा इंची भोक मुरुमात फूटभर उतरेपर्यंत पाडा आणि ते जाड वाळू-खडीने भरा. त्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहा. तासाभरात ओसरलं तर पुढे जा, नाहीतर अजून खाली. मात्र पावसाळ्यात तुमच्याकडे भूजल मुरुमापर्यंत चढत असेल तर हे करू नका, मोरीचं पाणी थेट विहिरीत जाईल. तिथे सांडपाणी परसबागेला: केळी, अळू, शेवगा. शेवग्याचा पाला पोरांच्या रातांधळेपणावर कामी येतो, तोही फुकट. आणि मडक्यात नारळाची शेंडी भरा, आठ-पंधरा दिवसांनी काढून धुवा. भाताचं तूस घालू नका, कुजतं.